योगराजच्या गोळ्या

१९ फेब्रुवारी १९९६

डॉक्टरीणबाईंनी ही दोनशे पानी वही करायला लावली. पुढच्या पानांवर चार रकाने आखलेत: तारीख, लघवी, गोळ्या, सूज. ते दर महिन्याला त्यांना दाखवायचं. हे मी वही मागून उघडून लिहिते आहे. हे कुणाला दाखवायचं नाही. सातवीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण लिहायला बसलं की शाळेतलीच मराठी येते.

योगराज काल दवाखान्यातून घरी आला. पंधरा दिवस काढले. हा सहावा फेरा. नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा सुजला, डोळेच दिसेनात. मूत्रपिंडं गळकी आहेत, अंगातलं सत्त्व लघवीवाटे निघून जातं, असं डॉक्टरीणबाई सांगतात. गोळ्या दिल्या की थांबतं. कमी केल्या की काही महिन्यांनी पुन्हा. आता तो सतरा वर्षांचा आहे. दिवसाआड सहा गोळ्या, पोटात काहीतरी असताना. आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, असं त्यांनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा माझ्याकडे बघून.

रोज सकाळी त्याची लघवी काचेच्या नळीत घ्यायची, चिमट्याने धरून स्टोव्हवर वरचा भाग उकळायचा आणि औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाण्यासारखी राहिली तर लिहायचं ‘निवळ’. दुधासारखी पांढरी झाली तर ‘फाटलं’, आणि लगेच दवाखाना. आज निवळ. मला हे चांगलं जमतं.

२ मार्च

योगराज कामावर परत गेला. इथे सुरतेतच कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात शिकतो. एका घंटीभोवती, म्हणजे हिरे घासायच्या चाकाभोवती, चार जण समोरासमोर बसतात. दिवसभर एकमेकांची तोंडं बघत. लिंबायतहून तिथपर्यंत जायला तासभर जातो, पण उन्हातान्हातलं काम नाही. मालक मगनभाई माणूस बरा आहे. आजारपणात जागा राखून ठेवली.

आज त्याचा डबा राहिला म्हणून धाकट्या सोनालीला शाळेला दांडी मारायला लावून त्याच्याकडे पाठवलं. ती सांगत होती, तिथे त्याला सगळे लाडवा म्हणतात. “ए लाडवा, चा लई आव,” म्हणजे चहा घेऊन ये. बरं वाटलं. परक्या मुलखात पोराचे कुणी लाड करतं हे काय कमी आहे? योगराजला म्हटलं तर तो डबा विसळायला उठला.

लघवी निवळ. सूज नाही. गाल मात्र छान भरलेत.

१७ मार्च

नणंद सरलाबाई पारोळ्याहून आल्या. योगराजला बघताच म्हणाल्या, “आंडोर कसा भरेल शे! सुरतनं पानी मानवनं रे भो तुले.” पोर भरलं म्हणून कौतुक केलं, मग सोनालीला त्याच्या शेजारी उभं केलं. ती तेरा वर्षांची, पण त्याच्याहून दोन बोटं वर निघाली. सरलाबाई हसल्या. मीही हसले. हे रात्रपाळी करून झोपले होते, तेही उठून हसले.

योगराज अर्ध्या ताटावरून उठला. म्हणाला, पोट भरलं. सहा महिन्यांपूर्वी चार भाकरी खायचा. गोळ्यांनी भूक लागते असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आता का लागत नाही कळत नाही.

न्हाणीतला आरसा पडून फुटला. पाल होती म्हणाला.

४ एप्रिल

योगराज शहाणा झालाय. सकाळी उपाशीपोटी गोळ्यांनी जळजळतं, म्हणून तो त्या कामावर दहाच्या चहाबरोबर घेणार. मी कागदाची पुडी करून त्याच्या खिशात घालते. आठ वर्षं मी त्याच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन फिरले. एवढा एक व्याप सुटला तरी खूप आहे. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम आता दुप्पट घेतलंय. संध्याकाळपर्यंत गोंदाने बोटं चिकटतात, ती सोडवता सोडवता स्वयंपाक.

निवळ.

२६ एप्रिल

निवळ, निवळ, निवळ. महिनाभर एकही दिवस फाटलं नाही.

पण पोरगा उतरलाय. गालांची हाडं दिसायला लागली. अंग दुखतं म्हणतो, सकाळी उठवत नाही. सूज नाही, लघवी साफ, मग काय झालं? मी त्याला मीठमिरची ओवाळून टाकली. तो हसला. किती दिवसांनी हसला.

तेल लावून भांग पाडतो आता. दहा दहा मिनिटं.

९ मे

पारोळ्याला सरलाबाईंच्या मुलीचं लग्न झालं. तीन दिवस राहून आलो. जो तो विचारत होता, “योगराज वाळी गया का वं?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई असून पोराला खायला घालत नाही असं वाटत असणार त्यांना. मी सगळ्यांना सांगत सुटले की आजार आता नाही, लघवी रोज तपासते, निवळ असते.

तो मात्र ऐकून खूश होत होता. वरातीत बँडपुढे नाचला. नवरदेवाच्या भावांबरोबर खांद्यावर हात टाकून फोटो काढला. आठ वर्षांत त्याने एक फोटो काढू दिला नव्हता. निळ्या शर्टात खरंच मोठा दिसत होता, ह्यांच्या लग्नातल्या फोटोसारखा. सोनाली म्हणाली, “भाऊ हीरो.” त्याने तिला वीस रुपये दिले.

येताना गाडीत दोनदा ओकला. लग्नातलं तेलकट.

२० मे

सकाळी उठले तर स्टोव्ह कोमट. योगराज आधीच उठून बसला होता. चहा केला म्हणाला. कप कुठे दिसला नाही, धुऊन ठेवला असेल. तपासायची नळीही ओली होती. मी काल नीट पुसली नसेल. हल्ली माझंच लक्ष राहत नाही.

त्याने बाटली आणून दिली. तपासली. निवळ.

३ जून

हल्ली सोनाली माझ्याआधी उठते. परीक्षा नाहीत, शाळा अजून उघडायची आहे, तरी उठते आणि न्हाणीत जाते. मोठी होते आहे. तिच्यामागून योगराज जातो आणि बाटली आणून देतो. दोघांचं हल्ली फार गूळपीठ आहे. आधी कुत्र्यामांजरासारखं भांडायचे.

योगराजच्या पापण्या सकाळी जड दिसतात. विचारलं तर म्हणाला, झोप नीट झाली नाही. चपलेचा पट्टा सैल करून घेतला. नळी निवळ आहे, म्हणून मी घाबरत नाही. नळी नसती तर मी वेडी झाले असते.

११ जून

आज एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या.

सकाळी बाटलीतली लघवी लालसर. उकळली तर खाली गुठळीसारखं बसलं. योगराज नळीकडे बघतच राहिला. पांढराफटक झाला. म्हणाला, “माय, काल बीट खाल्लं होतं ना.” बीट आमच्याकडे कुठे आलं होतं? मी ओरडले, चल दवाखान्यात. तो डबा न घेताच कामाला पळाला.

दुपारी सोनाली कोपऱ्यात रडत बसलेली. बघते तर तिला पहिल्यांदाच पाळी आली होती. पोर इतकी घाबरली होती की मला धरून सारखी म्हणत होती, “माय, माझं चुकलं.” मी समजावलं, यात चुकण्यासारखं काही नसतं गं. तिला बाजूला बसवलं.

पोरगी मोठी झाली त्याचा आनंद करायचा की पोराच्या लघवीत रक्त आलं त्याची चिंता, काही कळेना. संध्याकाळी हे आले तेव्हा दोन्ही सांगितलं. आधी कुठलं सांगितलं आठवत नाही.

१५ जून

चार दिवस तपासणी नाही. योगराज म्हणतो विसरलो, उशीर झाला, बाटली सांडली. मी रागावले. सोनाली बाजूला बसलेली असल्याने पाणी, भांडी, सगळं माझ्यावरच. मीही जास्त मागे लागले नाही, हे खरं लिहून ठेवते.

१७ जून

आज बाटली दिली. निवळ! देवापुढे नारळ फोडला. ते रक्त उष्णतेचं असणार.

डॉक्टरीणबाईंना सांगायला एकटीच जाऊन आले. त्यांनी वही पाहिली, लालसर लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. “मुलाला आण. मला त्याला बघायचंय.” घरी येऊन सांगितलं तर तो म्हणाला, “माले नही जावानं.” सुट्टी मिळत नाही. हे म्हणाले, रविवारी नेऊ. रविवारी डॉक्टरीणबाई नसतात. मग हे झोपून गेले, बारा तासांच्या पाळीनंतर माणूस किती जागणार?

पोट मोठं वाटतं त्याचं. शर्ट बाहेर काढून घालतो.

२३ जून

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे.

काल दुपारी मगनभाई रिक्षा घेऊन दारात. “बेन, तमारो छोकरो पडी गयो.” योगराज मागच्या सीटवर, पोट धरून, अंग तव्यासारखं तापलेलं. घंटीवर बसल्या बसल्या कोसळला. मगनभाईंच्या शर्टावर त्याची ओकारी होती, त्यांनी ती पुसलीही नव्हती.

आत नेला. पोटाला हात लावू देईना. मला म्हणाला, “माय, मी मरसू का?” मी नाही म्हणाले. ते खरं आहे की नाही मला कुठे माहीत होतं?

२६ जून

ताप उतरतो आहे. पोटात पाणी साचलं होतं, त्यात जंतू झाले. सलाईनमधून दिवसातून तीनदा इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावलं. त्या आमच्याशी हिंदीत बोलतात, मी माझ्या भाषेत लिहिते.

“वही आणली?”

आणली होती. त्यांनी पान पान उलटलं. निवळ, निवळ, निवळ. मग एक नळी माझ्यासमोर उकळली. योगराजची, आजची. दह्यासारखी झाली.

“बाई, ही आजची गोष्ट नाही. महिनाभर तरी असंच चाललंय. आणि रक्त तपासलं त्यावरून दिसतं की गोळ्या एकदम सोडल्यात. अंगात ताकद उरली नव्हती ती त्यामुळेच. तुम्ही तपासत होता की नुसतंच लिहीत होता?”

मी म्हणाले, “मी माझ्या हाताने उकळलंय. रोज.” माझा आवाज चढला. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, “मग कुणाचं उकळलं?”

मी बाहेर आले. सोनाली बाकावर बसली होती. मी काही विचारायच्या आधीच तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. ते पहाटे उठणं, ती बाटली, ते अकरा तारखेचं रक्त.

मी तिला मारलं. सगळ्यांच्या देखत दोन थपडा. तिने हात वर केला नाही. म्हणाली, “वीस मेला भाऊने स्वतःच उकळून पाहिलं. पांढरं झालं होतं. मग मला म्हणाला, तुझी दे. मी नाही म्हणत होते. तो पाया पडला माझ्या. म्हणाला, दोन महिने तरी माणसासारखा दिसू दे मला.”

मी तिच्या शेजारी बसले. सोनालीनेच पाणी आणून दिलं. तिच्या गालावर माझी बोटं उठली होती.

२९ जून

पुड्या सापडल्या. योगराजच्या गादीखाली, पावडरच्या रिकाम्या डब्यात. सगळ्या बांधलेल्या तशाच. फेकवल्या नाहीत त्याच्याने. त्यांचे पैसे कुठून येतात हे त्याला माहीत आहे.

हे डबा हातात धरून बराच वेळ बसले. मला वाटलं चिडतील. म्हणाले, “मी त्याला शेवटचं नीट कधी पाहिलं, आठवत नाही.” आणि पाळीला गेले.

१ जुलै

आज तो बसून पेज प्यायला. मी ठरवलं होतं रागवायचं नाही. तरी तोंडातून गेलंच, “असं का केलंस रे?”

तो खिडकीकडे बघत म्हणाला, “तुला लाडवा म्हणजे काय माहीत आहे का?”

“लाड करतात म्हणून...”

“लाडू, माय. लाडूला लाडवो म्हणतात गुजरातीत. समोर तिघं बसतात. दिवसभर माझं तोंड बघतात आणि हसतात. मी सतरा वर्षांचा आहे, मला चहा आणायला पाठवतात. गेल्या वर्षी आलेली पोरं हिरा धरायला लागली. एकाला मिशी आली. मला कुणी नवा माणूस आला की विचारतो, शाळेत का जात नाहीस बाळ?”

मी म्हणाले, “मला नाही सांगितलंस.”

“सांगून काय? तुला तर तोच चेहरा आवडतो. तू सगळ्यांना दाखवतेस, बघा कसा भरलाय. तो मी नाही माय, त्या गोळ्या आहेत. एप्रिलमध्ये माझं तोंड मला पहिल्यांदा सापडलं. हाडं होती त्यात. मला माहीत होतं पुढे काय होणार. लग्न झालं की गोळ्या पुन्हा घेणार होतो. मग जमेना.”

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा सुजलं होतं, आजाराने. आठ वर्षं मी हा चेहरा धुतला, पुसला, ओवाळला. तो कसा आहे हे मात्र त्याला कधी विचारलं नाही. माझ्या माहेरी उपासमार होती. गाल भरलेलं पोर दिसलं की मला देव दिसायचा. हे त्याला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. त्याच्या दुखण्यात माझं कशाला?

म्हणाले, “मी मगनभाईंना सांगते, तुला तसं म्हणायचं नाही म्हणून.”

तो दचकला. “तू तिथे गेलीस तर मी परत कधी जाणार नाही.”



८ जुलै

डॉक्टरीणबाई आज खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. मी नेहमीप्रमाणे उभी राहिले तर म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर थांबा.” पहिल्यांदा राग आला. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे ऐकू आलं.

त्याने विचारलं, “तोंड असंच राहणार?”

“नाही. गोळ्या कमी होत जातील तसं उतरेल. पण हळूहळू कमी करायच्या. एकदम सोडल्या तर काय होतं ते तू पाहिलंस.”

“किती दिवस?”

“या वेळी जास्त. आधी रोज दहा, मग दिवसाआड आठ, मग महिन्याला एकेक कमी. जवळजवळ वर्ष. एक दुसरं औषध जोडून बघू, त्याने लवकर कमी करता आल्या तर करू. वचन देत नाही.”

“आणि उंची?”

“थोडी वाढेल. जी राहून गेली ती बहुतेक राहिलीच.”

आठ वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मी विचारलंही नव्हतं. त्याचं रडणं ऐकू आलं, मग त्यांचा आवाज, “मला आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं.”

२१ जुलै

घरी येऊन चार दिवस झाले. हे त्याला न्हाव्याकडे घेऊन गेले. केस कापले. मग ह्यांनी दाढीचा साबण लावायला सांगितला. काढायला काही नव्हतं, तरी न्हाव्याने शांतपणे वस्तरा फिरवला म्हणे. योगराज घरी आला तेव्हा तुरटीचा वास येत होता. लाजत होता.

सोनाली त्याच्याशी बोलत नाही. माझ्याशीही कामापुरतं. मी तिच्या केसांना तेल लावताना म्हणाले, “मी मारायला नको होतं.” ती म्हणाली, “मीही द्यायला नको होतं.” मग म्हणाली, “पण माय, तो लग्नात किती छान दिसत होता.” मी तिची वेणी घट्ट घातली.

१० ऑगस्ट

तो कामावर जायला लागला. बस लागते म्हणून ह्यांनी जुनी सायकल दुरुस्त करून दिली, पण अजून तेवढा दम नाही. तोंड पुन्हा गोल झालं आहे, आधीपेक्षाही जास्त. कपाळावर पुटकुळ्या. भूक इतकी की रात्रीची उरलेली भाकरी सकाळी शोधतो आणि मग मी पाहिलं की ठेवून देतो.

बाहेरच्या बाया म्हणतात, पोरगं सुधारलं हो. मी हो म्हणत नाही. नाही पण म्हणत नाही.

नळी आता तो स्वतः उकळतो. मी बघायला जात नाही. पुढच्या रकान्यात त्याचं अक्षर आहे. मला झोप लागत नाही.

३ सप्टेंबर

दवाखान्यात गेलो. आठाच्या सात गोळ्या झाल्या. बसमध्ये तो खिडकीपाशी बसला होता. उतरताना एकदाच म्हणाला, “एक कमी.” मलाही थकल्यासारखं झालं. अजून सात आहेत.

४ सप्टेंबर

आज गोळ्यांचा दिवस.

काल संध्याकाळी कारखान्यात मुंबईचा कुणी व्यापारी आला होता. त्याने योगराजच्या गालाचा चिमटा घेतला आणि खिशातून चॉकलेट काढून दिलं. योगराजने घरी येऊन ते सोनालीला दिलं. तिने काय झालं विचारलं तेव्हा सांगितलं. इतकंच. जेवला आणि झोपला.

सकाळी त्याने न्याहारी केली, चहाचा कप घेतला आणि दाराच्या पायरीवर पाठ करून बसला. तळहातावर सात गोळ्या. बाजूला पाण्याचा तांब्या. मी आत साडी पसरून टिकल्या लावत होते. त्याची मान खाली होती. बराच वेळ झाला. समोरून लोक कामाला जात होते. चहा गार होऊन वर साय धरली.

सोनाली केस विंचरत बाहेर आली, त्याला पाहून थांबली. मी तिला खुणेने आत पाठवलं.

माझ्या मनात खूप काही आलं. घे ना रे बाबा. तुझ्या बापाकडे बघ. परत पोट धरून पडशील. एकही बोलण्याजोगं नव्हतं. सगळं मी आठ वर्षं बोलून झाले होते. मी मान खाली घातली आणि टिकली गोंदात बुडवली. ती टिकली वाकडी लागली.

मग तांब्या उचलल्याचा आवाज आला. एक घोट. मग थांबला. मग दुसरा. बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण कान बंद करता येत नाहीत. सात घोट झाले.

तो उठला, कप माझ्यापुढे ठेवला.

“चहा गरम करून दे ना, माय. मोडु थाय छे.”

त्याला कामाला उशीर होत होता. मी साडी बाजूला सारली आणि स्टोव्ह पेटवला.